जुनें मद्य आणि कसाऱ्याचा उन्हाळा

ह्या मासिकाच्या पानांवर मुरंबे, लोणचीं, व्रतें, वैद्यक आणि मुलांचें शिक्षण हे विषय वाचकांच्या परिचयाचे आहेत. मद्याविषयीं लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. आमच्या घरीं द्राक्षासवाची एक बाटली असे, ती कपाटाच्या अगदीं वरच्या फळीवर. आणि तिचें बूच निघे तें कोणाची भूक मंदावली किंवा कोणी आजारांतून उठलें म्हणजे. तेवढाच आमचा ह्या विषयाशीं संबंध. परंतु विद्यार्थी प्रश्न घेऊन दारीं आला कीं शिक्षकाला विषयाची आवडनिवड राहत नाहीं, मग तो विद्यार्थी चाळिशी उलटलेला कां असेना.

२०२५ सालच्या वैशाखांत एके दिवशीं भर दुपारीं असाच एक जुना विद्यार्थी आमच्या ओसरीवर येऊन बसला. हा रेल्वेंत नोकरीस आहे. कसारा हें रेल्वेचेंच गांव; थळ घाट चढण्यापूर्वीं गाड्यांना मागून जादा इंजिनें लागतात तीं येथें, आणि गांवांतील बरींच घरें ह्या ना त्या रीतीनें त्या रुळांवर उभीं आहेत. पाणी पिऊन झाल्यावर त्यानें पिशवींतून धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु काढली. फडकें सुटलें तों आंत दारूची बाटली! आमची मुद्रा पाहून तो घाईघाईनें म्हणाला, "गुरुजी, रागावूं नका. मला प्यायची नाही, विकायची आहे."

हकिकत अशी. त्याचे सासरे घाटावर इगतपुरी तालुक्यांतील शेतकरी. नाशिक जिल्ह्यांत वाइनच्या द्राक्षांची लाट आली तेव्हां त्यांनींहि एका कारखान्याशीं करार करून दीड एकरांत शिराझ नांवाचें काळें द्राक्ष लावलें. २००७ सालच्या फेब्रुवारींत निघालेल्या मालाची वाइन झाली, आणि कारखान्यानें भेट म्हणून त्यांस बारा बाटल्यांचें एक खोकें दिलें. पुढील वर्षीं नातीचें बारसें झालें त्या दिवशीं त्यांतल्या सहा बाटल्या त्यांनीं जांवयाच्या हवालीं केल्या. पोर शिकून मोठी होईल त्या दिवशीं ह्या फोडाव्यात, असें कोणीतरी परदेशची रीत म्हणून त्यांस सांगितलें होतें. उरलेल्या सहा त्यांनीं स्वतःच्या घरीं ठेवल्या. आतां ती नात बारावी उत्तीर्ण झाली होती. पुढील शिक्षणाची पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्च मिळून जो आंकडा झाला तो पाहून बापाची झोप उडाली होती, आणि त्या आंकड्यासमोर मांडण्यास त्याच्यापाशीं माळ्यावरच्या ह्या सहा बाटल्या होत्या.

"अठरा वर्षांची आहे, गुरुजी. जुनी वाइन लाखांत जाते म्हणे. आणि ही साधी नाही, चौदा टक्क्यांची आहे, कडक. कडक ती टिकणारच. मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉटेलाला इंग्रजीतून पत्र तेवढं लिहून द्या."

परवान्यावांचून मद्य विकणें हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें आपल्या राज्यांत गुन्हा आहे, हें आम्हीं त्यास तत्काळ सांगितलें. त्यावर त्याचा चेहरा असा उतरला कीं आम्हांसच अपराध्यासारखें वाटलें. परंतु कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी त्याच्या बोलण्यांत तीन गोष्टी गृहीत होत्या: जुनें तें चांगलें, कडक तें टिकाऊ, आणि बाटली कोठेंहि ठेवली तरी वर्षें तींच मोजावयाचीं. ह्यांतली एकहि तपासल्याशिवाय पत्र लिहिणें आमच्या शिस्तींत बसेना. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली.

पहिल्या समजुतीला आपल्या ग्रंथांत आधार नाहीं असें नव्हे. औषधें किती काळ गुण राखतात हें सांगतांना शार्ङ्गधरानें चूर्णाला दोन महिने, गोळी व अवलेह ह्यांस एक वर्ष अशा मुदती घातल्या आहेत. आसव, धातु आणि रस हीं मात्र जुनीं झालीं म्हणजे अधिक गुणवान् होतात असा त्याचा निर्वाळा आहे. चरकानेंहि नवें मद्य जड व दोषकारक आणि जुनें तें हलकें, रुचि देणारें असें म्हटलें आहे. द्राक्षाच्या मद्याची आपल्या पूर्वजांस ओळख होती ह्यांतहि शंका नाहीं. कौटिल्य सुराध्यक्षाच्या प्रकरणांत त्यास 'मधु' म्हणतो, आणि कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें तें जेथलें त्या देशांवरून पडलीं असें सांगतो. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानांतील काबूलच्या उत्तरेचें बेग्राम. त्या एका नगरीच्या नांवापासून शब्द साधण्याकरितां पाणिनीला स्वतंत्र सूत्र करावें लागलें आहे. गांवाच्या नांवावर मद्याची किंमत ठरविण्याची युक्ति एकट्या फ्रेंचांची, असें समजण्याचें कारण नाहीं. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचे सैनिक द्राक्षांच्या मांडवांखालीं बसून श्रमपरिहार करितात तो श्लोक आम्ही वर्गांत जरा वेगानें शिकवीत असूं. मुलें मात्र नेमका तोच पाठ करून येत.

परंतु शार्ङ्गधराचा नियम ह्या बाटलीला लावतां येतो काय? आसवांत गूळ, साखर किंवा मध भरपूर असतो, धायटीचीं फुलें असतात, मिरी-पिंपळीसारखीं द्रव्यें असतात; संधान झाल्यावरहि त्यांत गोडी उरते. शिराझची तांबडी वाइन ह्याहून अगदीं निराळी. तिच्यांतील साखर जवळजवळ सर्व आंबून संपलेली असते, बाहेरून मसाला कांहीं नसतो, आणि उरतें तें द्राक्षाच्या रसाचें, सालीचें व बियांचें सत्त्व. जुन्या तांदुळाचा भात मोकळा होतो म्हणून जुन्या कणकेच्या पोळ्या कोणी करीत नाहीं. आमच्या शहापूर-मुरबाडकडे मोहाच्या फुलांची दारू निघते; ती जुनी करून ठेवावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. तेव्हां प्रत्येक द्रव्याचें म्हातारपण निराळें, आणि तें त्या द्रव्यापाशींच जाऊन पाहिलें पाहिजे.

बाटलींतल्या वाइनमध्यें वर्षानुवर्षें काय घडतें ह्याचा पहिला पद्धतशीर शोध पाश्चर ह्यांनीं घेतला. १८६३ सालीं फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन ह्यानें त्यांस मद्यांच्या रोगांचा अभ्यास करण्यास सांगितलें, आणि १८६६ त त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील एक प्रयोग शाळेंत करून दाखवावा इतका सोपा आहे. कांचेच्या कांहीं नळ्या त्यांनीं वाइननें काठोकाठ भरल्या, कांहीं अर्ध्याच भरल्या, आणि सर्वांचीं तोंडें वितळवून बंद केलीं. काठोकाठ भरलेल्या नळ्यांत रंग तसाच राहिला. अर्ध्या नळ्यांत, जेथें हवा कोंडली गेली होती तेथें, थोड्याच आठवड्यांत रंग फिका पडून तळाशीं गाळ बसला. प्राणवायु हा वाइनला म्हातारी करणारा आहे हें त्यावरून दिसून आलें. पुष्कळ प्राणवायु म्हणजे नाश, आणि थेंबाथेंबानें मिळालेला प्राणवायु म्हणजे परिपाक. बुचांतून व त्याच्या कडेनें जी नाममात्र हवा वर्षाकाठीं आंत शिरते तिच्यावर हा सारा खेळ चालतो. बूच ओलें राहून फुगलेलें असावें म्हणून तर बाटली आडवी ठेवावयाची.

शिराझच्या सालींत दोन गोष्टी विपुल असतात: जांभळा रंग देणारीं द्रव्यें, आणि टॅनिन म्हणजे तुरटपणा. हिरड्याचा तुकडा तोंडांत धरल्यावर जीभ जशी आखडते, तशी नव्या कडक शिराझनें आखडते असें जाणते सांगतात. बाटलींत हीं दोन्ही द्रव्यें सावकाश एकमेकांना धरूं लागतात. लहान कण जुळून मोठे होतात, मोठ्यांचे आणखी मोठे, आणि अखेर ते द्रवांत तरंगूं न शकल्यामुळें गाळ होऊन बसतात. म्हणून जांभळा रंग प्रथम डाळिंबी, मग विटकरी होतो, तुरटपणाची धार जाते, आणि ताज्या जांभूळ-करवंदांसारखा जो वास असतो त्याच्या जागीं सुक्या फळांचा, कातड्याचा, तंबाखूचा वास येतो. गाळ हा दोष नव्हे. तें वयाचें लक्षण आहे.

ह्या द्राक्षाला मिऱ्याचा एक वास असतो, आणि तो कां असतो ह्याचा उलगडा २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं केला. रोटंडोन नांवाचें जें द्रव्य आपल्या काळ्या मिऱ्यांत आहे तेंच अत्यल्प प्रमाणांत ह्या द्राक्षाच्या सालींत आहे. त्याच शोधांत असें आढळलें कीं सुमारें पांचांतील एका माणसाच्या नाकाला तें द्रव्य मुळींच कळत नाहीं. कोकणच्या मिरवेलीचा आणि फ्रान्सच्या द्राक्षवेलीचा असा संबंध असावा, हें वाचून आम्हांस त्या दिवशीं जेवणांतल्या सारावर मिरपूड थोडी अधिकच घालून घ्यावीशी वाटली.

आतां कडकपणाचा प्रश्न. अल्कोहोल येतें साखरेंतून. लिटरभर रसांत सुमारें १७ ग्रॅम साखर असली कीं एक टक्का अल्कोहोल होतें. म्हणजे चौदा टक्क्यांना २४० ग्रॅमच्या आसपास साखर हवी. शिराझची खोड अशी कीं पिकत आल्यावर तिचे मणी वेलीवरच किंचित् सुरकुततात, पाणी उडून साखर दाट होते. उष्ण प्रदेशांत हें फार जलद होतें, आणि त्याच वेळीं फळांतलें आम्ल मात्र उतरत जातें. कडक वाइन म्हणजे बहुधा आम्ल कमी असलेली वाइन, आणि वाइनला टिकवितें तें मुख्यत्वें आम्ल. चिंच मीठ लावून वर्षानुवर्षें राहते, ती आंबट असते म्हणून. योगायोग असा कीं चिंचेंतलें टार्टारिक आम्ल तेंच द्राक्षांतलें मुख्य आम्ल आहे, आणि उष्ण देशांतले कारखानदार तेंच आम्ल बाहेरून घालून उणीव भरून काढतात.

आम्ल कमी झाल्याचा दुसरा एक परिणाम सहजासहजीं ध्यानांत येत नाहीं. वाइन नासूं नये म्हणून तिच्यांत गंधकाचा वायु, सल्फर डायऑक्साइड, अल्प प्रमाणांत घालतात. आम्लता मोजण्याचें जें पीएच नांवाचें माप आहे त्यांत ३.४ च्या ठिकाणीं ३.७ आले, म्हणजे आंबटपणा तेवढा उतरला, कीं ह्या वायूचा कामाचा भाग जवळजवळ निम्म्यावर येतो. पहारेकरी तोच, पण अर्धा झोपेंत. ह्यावर कोणी म्हणेल कीं चौदा टक्के अल्कोहोल स्वतःच राखण करील. तसें होत नाहीं. अल्कोहोल खरोखर राखण करितें तें पोर्टसारख्या मद्यांत, जेथें बाहेरून ब्रँडी घालून प्रमाण एकोणीस-वीस टक्क्यांवर नेलेलें असतें. चौदा-पंधरा टक्के म्हणजे जीभ भाजण्यास पुरेसें, परंतु प्राणवायूला अडविण्यास अपुरें. शिवाय वर्षें गेल्यानें अल्कोहोल कमी होत नाहीं; कमी होतो फळाचा रस व सुवास. तरुणपणीं ज्या भरदार अंगाखालीं ती आग झांकलेली असते तें अंग झडलें कीं आग उघडी पडते. जुनी दारू मऊ होते असें म्हणतात तें तुरटपणापुरतें खरें, कडकपणापुरतें नव्हे.

मग कडक शिराझ टिकतच नाहीं काय? टिकते, आणि अशी टिकते कीं तिच्यावरून एका माणसाची नोकरी जातां जातां राहिली. ह्या द्राक्षाचें मूळ नांव सीरा. तें इराणांतल्या शिराझ शहराहून आलें ही कथा रम्य आहे, सादी-हाफिझांच्या गांवीं वारुणीचें माहेर असावें हें मनालाहि पटतें. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया व माँपेलिए येथील संशोधकांनीं वेलींचा आनुवंशिक तपास केला, तेव्हां ह्या काळ्या द्राक्षाचीं आईबापें आग्नेय फ्रान्सांतलींच निघालीं. बाप दुरेझा नांवाचें काळें द्राक्ष, आई मोंदूझ ब्लांश नांवाचें पांढरें. ऱ्होन नदीकांठच्या हर्मिटेज टेकडीवरील सीरा वीस-तीस वर्षें टिकते अशी तिची जुनी ख्याति आहे. तेथून, १८३२ च्या सुमारास, जेम्स बझ्बी ह्यानें युरोपांतील इतर अनेक द्राक्षांच्या कलमांबरोबर हींहि कलमें ऑस्ट्रेलियास नेलीं, आणि तेथें तिचें नांव शिराझ पडलें.

त्या देशांत पेनफोल्ड्स नांवाच्या कारखान्यांत मॅक्स शुबर्ट हा मद्यकार होता. १९५० सालीं तो युरोपास गेला असतां बोर्दो येथें त्यानें चाळीस-पन्नास वर्षांच्या वाइन चाखल्या, आणि आपल्या देशीं अशी दीर्घायु वाइन करावी ह्या ध्यासानें तो परतला. १९५१ त त्यानें शिराझपासून पहिला प्रयोग केला. वाइन नव्या ओकच्या पिंपांत ठेवली आणि तुरटपणा मुद्दाम भरपूर येऊं दिला. पुढें धन्यांनीं जाणत्या मंडळींस बोलावून ती चाखविली, तेव्हां सर्वांनीं नाकें मुरडलीं. १९५७ त त्यास काम थांबविण्याचा हुकूम झाला. शुबर्टनें हुकूम वरवर पाळला आणि दोन-तीन वर्षें तळघरांत चोरून वाइन करीतच राहिला. तोंवर पहिल्या बाटल्यांचें वय वाढलें. त्याच वाइन पुन्हा चाखल्या तेव्हां ज्यांनीं नाकें मुरडलीं होतीं त्यांनींच तोंड भरून स्तुति केली, आणि १९६० त काम उघडपणें पुन्हा सुरू झालें. ग्रेंज ह्या नांवानें ती आज जगभर मोठ्या किंमतीस जाते. मात्र शुबर्टनें जें केलें तें टिकविण्याच्या हेतूनें: आम्ल सांभाळून, टॅनिन जपून, आणि थंड तळघरांत. प्रत्येक शिराझ म्हणजे ग्रेंज नव्हे, हें आमच्या विद्यार्थ्याला सांगावयाचें आमच्या कपाळीं आलें.

कारण आपल्या नाशिकच्या द्राक्षाची कथा निराळी आहे. येथें वेलीला थंडीची गाढ झोप मिळत नाहीं, म्हणून वर्षांतून दोनदां छाटावी लागते: उन्हाळ्याच्या तोंडीं खरड छाटणी, आणि पावसाळा सरतांना गोडी छाटणी. युरोपांत द्राक्षें पिकतात तीं शरदाच्या तोंडीं, दिवसेंदिवस थंड होत जाणाऱ्या हवेंत. आमच्याकडे पिकतात तीं माघ-फाल्गुनांत, दिवसेंदिवस तापत जाणाऱ्या हवेंत. साखर झरझर चढते, आम्ल झरझर उतरतें. म्हणून पुष्कळ ठिकाणीं तोडणी पहांटे किंवा रात्रीं करितात. अशा वाइनचा सुखाचा काळ बहुधा पहिल्या पांच-सात वर्षांतला. क्वचित् एखादी जपून केलेली दहा-बारा वर्षें जाते.

ह्या धंद्याची वाटचालहि थोडक्यांत सांगावयास हवी. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकांत नारायणगांव येथें शामराव चौगुले ह्यांनीं फेसाळणारी वाइन काढून आरंभ केला. १९९९ त राजीव सामंत ह्यांनीं नाशिकला सुला ही कंपनी स्थापिली. २००१ त महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें आणि मग एकामागून एक कारखाने निघाले. शेतकऱ्यांनीं वाइनच्या जातींची लागवड केली. २००८ सालीं जगभर मंदी आली, नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, आणि कारखान्यांच्या टांक्यांत वाइन तुंबली. पुढच्या एक-दोन हंगामांत कित्येकांचीं द्राक्षें घेण्यास कोणी आलें नाहीं. हीं द्राक्षें खाण्याच्या बाजारांत जात नाहींत. मणी लहान, बिया मोठ्या, साल जाड. त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत घालणारेहि निघाले कीं वाइन पडून राहिली तर बिघडलें कोठें, जुनी होईल तितकी चढेल! आमच्या विद्यार्थ्याच्या सासऱ्यांनीं दोन हंगाम वाट पाहिली आणि २०१० त बाग उपटून टाकली. आतां तेथें टोमॅटो होतो.

राहिली तिसरी समजूत. फ्रान्सांतील तळघरांत बारा-चौदा अंश उष्णता बारा महिने असते, हवा दमट, उजेड नाहीं. कसाऱ्यास पत्र्याखालच्या माळ्यावर काय असतें हें येथें राहणाऱ्यांस सांगावयास नको. वैशाखांत बाहेर पारा चाळिशीला टेकतो तेव्हां माळ्यावर हात धरवत नाहीं. पावसाळ्यांत भिंतींना ओल येते. पौषांत पहांटे गारठा. उष्णता वाढली कीं रासायनिक क्रिया वेगानें होतात हें खरें, परंतु सर्व क्रिया सारख्या वेगानें वाढत नाहींत. म्हणून उन्हाळ्यानें म्हातारी केलेली वाइन ही थंडाव्यांत म्हातारी झालेल्या वाइनची घाईंत केलेली नक्कल नसून निराळाच, करपलेला पदार्थ असतो. त्यांत द्रव दिवसा फुगून बुचाला ढकलतो, रात्रीं आकसून हवा ओढतो. अठरा वर्षांत असे किती दिवस नि रात्री गेल्या असतील!

आठव्या दिवशीं आम्हीं हें सर्व त्यास सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें, आणि मग म्हणाला, "म्हणजे काहीच नाही का, गुरुजी?" ह्या प्रश्नाला पुस्तकांतून उत्तर देणें आम्हांस बरें वाटेना. "एक तुझी बाटली आणि एक तुझ्या सासऱ्यांची, दोन्ही शेजारीं शेजारीं उघडून पाहूं," असें आम्हीं सुचविलें. परीक्षेचा निकाल काय लागणार हें कळत असूनहि उत्तरपत्रिका तपासावी लागतेच.

ज्येष्ठांत, पाऊस लागण्यापूर्वीं, आम्ही घाट चढून गेलों. सासऱ्यांचें घर जुनें, दगडी. भिंतींची जाडी हातभराहून अधिक, आणि मधल्या भिंतींत धान्याचें बळद. बळदांत आतां धान्य नसतें, आणि त्याच्या तळाशीं भाताच्या तुसांत त्या सहा बाटल्या आडव्या निजविलेल्या होत्या. वाइनकरितां आडवें ठेवावें हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. उभ्या ठेवल्या तर उंदीर पाडतील म्हणून आडव्या ठेवल्या, इतकेंच. बारा अंशांची थंडी तेथें नव्हतीच. परंतु बाहेरचें ऊन बळदापर्यंत पोंचण्यास ऋतु लागत असावा.

स्टीलच्या फुलपात्रांत रंग दिसेना म्हणून चहाचे कांचेचे पेले आणविले. प्रथम कसाऱ्याची बाटली. तिचें बूच तोंडाशीं वर आलेलें, खालीं चिकट ओघळ वाळलेला, आणि वाइन बाटलीच्या खांद्यापर्यंत उतरलेली. पेल्यांत ओतली तों चिंचेच्या कोळासारखी, वास जळलेल्या काकवीचा आणि मागून आंबूस. सासऱ्यांनीं जिभेला लावली आणि अंगणांत जाऊन चूळ भरली. जांवई मान खालीं घालून उभा होता.

मग बळदांतली. बूच काळवंडलेलें, पण घट्ट, वाइन गळ्यापर्यंत. ओततांना शेवटीं गाळ आला आणि त्यांत कांचेसारखे चकाकणारे खडे; घरच्या बाई घाबरल्या, बाटली आंतून फुटली म्हणून. नातीनें सांगितलें कीं ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी. बारावीचें रसायनशास्त्र फुकट गेलें नव्हतें. रंग मधोमध अजून गडद, कडेला विटकरी. आम्हीं पेला नाकाशीं धरला. प्रथम कांहींच नाहीं. मग मनुका, मग जुन्या पुस्तकाच्या कातडी बांधणीसारखें कांहींतरी. आणि शेवटीं, अगदीं स्पष्ट, मिरी! नात, तिची आई, आमचा विद्यार्थी, सर्वांनीं वास घेतला. आईला मिरी येईना. तिनें तीनदां पेला हुंगला आणि आम्ही तिची थट्टा करीत आहों अशा समजुतीनें ती आंत निघून गेली. पांचांतील एक ती हीच असावी.

सासऱ्यांनीं दोन घोट घेतले. आम्हीं विचारलें, "कशी आहे?"

"पयले घोट बरा लागतो," ते म्हणाले. "मागून गळा जाळती. अंग उतरलंय तिचं." चाखण्याची विद्या न शिकलेल्या माणसानें आमच्या आठ दिवसांच्या वाचनाचें सार तीन वाक्यांत सांगितलें. मग बराच वेळ ते पेल्याकडे पाहत राहिले. पाण्याची मोटार कोठें होती, बांधाला कोणतें झाड होतें, कोणत्या ओळीला माल जड लागे, हें ते हळूहळू नातीला सांगूं लागले. तिला ती बाग आठवत नाहीं. बाग उपटली तेव्हां ती दोन वर्षांची होती.

इंग्रजी पत्र आम्हीं लिहिलें, तें हॉटेलास नव्हे, बँकेस; शैक्षणिक कर्जाचा अर्ज होता. तो मंजूर झाला. टोमॅटोच्या पट्टींतून आजोबांनींहि वसतिगृहाची अनामत भरली. माळ्यावरच्या उरलेल्या पांच बाटल्या विद्यार्थ्यानें मोरींत ओतल्या. बळदांतल्या पांचांविषयीं आम्हीं सासऱ्यांस सांगितलें कीं ह्यांचा काळ सरत आला आहे, आतां वर्षागणिक त्या उतरतच जातील, ठेवण्यांत लाभ नाहीं. त्यांनीं मान डोलविली. दिवाळींत पुन्हा भेट झाली तेव्हां चौकशी केली. चार बाटल्या पाहुण्यारावळ्यांत संपल्या होत्या. पांचवी तेवढी तुसांत परत निजविली होती.

"ती प्यायजोगी राहणार नाहीं," आम्ही म्हणालों.

"प्यायला कुठं ठेवली, गुरुजी," ते म्हणाले, आणि चहा टाकण्यास सांगण्याकरितां आंत गेले.